हिरव्या ज्योतीचा दिवा

नामदेवदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरातल्या ज्वारीच्या कोठीचं झाकण उघडून नेहमीसारखा दोन पावलं मागं सरकून उभा होतो. महिना झाला, अजून तसाच सरकतो. ही सवय दादांनीच लावलेली.

जुन्या जालन्यातल्या बियाण्याच्या गोदामात आम्ही दोघं पोत्यांच्या थप्प्यांना गॅस मारायचो. ते वस्ताद, मी त्यांच्या हाताखाली. ताडपत्रीखाली मिथाइल ब्रोमाइड सोडायचं, दारं बंद करायची. आत एक किडा जिवंत राहायचा नाही. पण त्या गॅसला ना रंग, ना वास. म्हणून दादांकडं तांब्याची पट्टी बसवलेला एक दिवा होता. हवेत गॅस असला की ज्योत हिरवी व्हायची; तसं झालं की मागं फिरायचं. दारं उघडली की आधी दादा दिवा घेऊन आत, मग बाकीचे. मला तो सगळा बडेजाव वाटायचा.

एकदा माझी घाम पुसायची दस्ती आत राहिली. दारं नुकतीच उघडलेली, दादा बाहेर दिवा पेटवत होते. मी नाकानं हुंगलं, वास काही आला नाही, आणि शिरलो... थप्पीपर्यंतसुद्धा पोचलो नाही. एकाचे दोन दिसायला लागले, पाय गेले. आठवतंय ते एवढंच, की दादा हातात दिवा घेऊन येताहेत आणि ज्योत हिरवीगार आहे. हिरव्या ज्योतीपुढं त्यांनी पाऊल टाकलं ते त्या एकाच वेळी. मला ओढून बाहेर काढलं आणि म्हणाले, "वास न्हाई म्हणून गॅस न्हाई, असं कुणी सांगितलं तुला?"

पुढं त्यांचा उजवा हात थरथरू लागला. कशानं, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. त्या दिवशीच्या गॅसनं का, हे मला विचारायची हिंमत झाली नाही आणि दादांनी कधी विषय काढला नाही.

नंतर एका साहेबानं सांगितलं, की हा गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो, तो आता बंद होणार. घराच्या दारात आल्यावर दादा म्हणाले, "दारं उघडली की गॅस गेला, असंच समजत आल्तो आपण. मंग तो गेल्ता कुठं? इथंच की, आपल्या डोक्यावर."

तेराव्यानंतर वहिनींनी त्यांची बंद खोली उघडायला मला बोलावलं. दिवा दारामागच्या खुंटीला होता. खोलीत कसला आलाय गॅस, तरी मी उंबऱ्यात उभा राहून तो पेटवला. ज्योत साफ होती.

"जा की आता," वहिनी म्हणाल्या.

पाय उचलेना. दिवा घेऊन आधी आत जायचे ते दादा.