इस्तंबूलला साडूंनी काय काय सोडलं

आमच्या साडूंइतका खादाड माणूस अख्ख्या शारजात नाही, आणि त्यांच्याइतके पदार्थ सोडलेला माणूसही नाही. आता या दोन गोष्टी एकाच पोटात कशा राहतात हे मला विचारू नका. मी त्यांचा सख्खा साडू, पण ते कळायला मलासुद्धा इस्तंबूल गाठावं लागलं.

घरात काही अडलं की हे नवस बोलणार आणि त्यापायी एक आवडता पदार्थ जन्मभरासाठी सोडणार. मुलीच्या बारावीला फणस गेला. कंपनीनं माणसं कमी करायला काढली तेव्हा श्रीखंड गेलं. माझा व्हिसा अडकला होता तेव्हा चिकू. "तुझ्यासाठी चिकू सोडलेत मी," हे ते मला अल नहदाच्या सुपरमार्केटात, फळांसमोर उभं करून, चारचौघांत ऐकवतात. एकदा वैतागून म्हटलं, "दादा, मग कारलं सोडायचं होतंत." तर असे बघायला लागले, जणू मी देवाला खोटी नोट द्यायला सांगितलं. "न आवडणारं सोडून फसवतोस कोणाला? त्याला कळत नाही होय?" बरं, देव कुठलाही चालतो. मारुती असो, पीर असो, चर्च असो, समोर दिसलं की यांचे हात जोडलेले. आणि गंमत म्हणजे आजवरचा प्रत्येक नवस फळला होता, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची सोयच नव्हती.

मग ताईंच्या पोटात गाठ निघाली. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. गाठ वाईट होती. आम्ही चौघांनी इस्तंबूलची तिकिटं त्याआधीच काढून ठेवली होती. ती रद्द करायची म्हणत होतो, तर ताईंनीच फर्मान काढलं, "हे सारखे माझ्या तोंडाकडे बघत बसतात, धड झोपूही देत नाहीत. चार दिवस घेऊन जा बाबा यांना." दोन केमोंच्या मधले बरे दिवस होते. माझी बायको बहिणीजवळ राहिली आणि आम्ही दोन टकले साडू फॅमिली पॅकेजवर निघालो. हॉटेलवाल्यानं पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवले होते. साडूंनी एक हंस उलगडला आणि तोंड पुसलं.

पहिल्या सकाळी निळ्या मशिदीसमोर त्यांनी सिमीत घेतला. सिमीत म्हणजे तीळ लावलेला, कड्यासारखा गोल पाव. मी एकात आटोपलो. हे आणखी घेतात, डोळे मिटून चावतात, पुन्हा घेतात. "दादा, पुरे की आता!" "थांब रे, अजून जीव जडला नाही." मला संताप आला. बायको तिकडे आजारी आणि या माणसाला पाव सुचतोय! शेवटी तोंड पुसत म्हणाले, "आता आवडला. यल्ला, आत चल." आत गालिच्यावर मांडी घालून बसले, हात जोडले, मग शेजारच्यांकडे बघून ओंजळ केली. बाहेर येऊन म्हणाले, "सिमीत खलास. आता जन्मात तोंडात घालणार नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गावाकडचे आवडते पदार्थ बहुतेक सोडून संपले होते. म्हणून हे इथे नवे पदार्थ आवडून घेत होते, ताईंसाठी सोडता यावेत म्हणून. त्यानंतर मी त्यांना पुरे म्हटलं नाही.

आया सोफियाला भाजलेले चेस्टनट गेले. शिंपल्यात भरलेला भात मात्र त्यांना आवडेचना. विकणारा एकेक शिंपला उघडून, लिंबू पिळून पुढे करतोय, आणि हे गंभीर चेहऱ्यानं मान हलवतायत, "नाही, अजून नाही." तो बिचारा रडकुंडीला आला. खाडीवरच्या पुलाजवळ मिळणारा मासा घातलेला पाव मात्र पहिल्या घासाला आवडला. मालवणचा माणूस, दुसरं काय होणार? उरलेला अगदी हळूहळू खाल्ला आणि मग चढावरच्या एका चर्चमध्ये मेणबत्ती लावून तोही सोडला.

शेवटच्या दिवशी एयूपला गेलो. तिथे प्रेषितांच्या एका सोबत्याची कबर आहे आणि लोक फार मनापासून मागणं मागायला येतात. साडूंनी सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं. "आज काय सोडणार?" मी विचारलं. "पिठी," म्हणाले. ताईंच्या हातची कुळथाची पिठी. गावाहून बॅगेत पीठ यायचं आणि ताई लसणाची फोडणी देऊन पिठी करायच्या. जेवायला काहीही असो, शेवटी यांना ती वाटीभर लागायचीच. मी अंगणात थांबलो. बराच वेळ झाला. बाहेर आले ते चेहरा पडलेला. "नाही रे जमलं. ती बरी झाली आणि हौसेनं पिठी करून पुढे ठेवली, तर मी काय ताट सारू?"

"बरं केलंत," मी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

उन्हाळा संपायच्या आत ताई गेल्या. नंतर साडू पुढ्यात येईल ते मुकाट्यानं गिळायचे. खारट झालं तरी बोलायचे नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "पिठी मागे ठेवली मी. त्याला कळलं." मी चिडलो, डॉक्टरांनी काय काय सांगितलं होतं त्याची उजळणी केली, आवाजही चढवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिकू सोडले तेव्हा तुझा व्हिसा आला होता ना?"

परवा ते आमच्याकडे जेवायला आले होते. बायकोनं न सांगता पिठी केली. त्यांनी वाटी बाजूला सारली. बायको म्हणाली, "भावोजी, तिकडून आल्यावर तुम्ही ताईला सगळं सांगितलंत ना?"

"सांगितलं. वेडे आहात म्हणाली."

"तुमच्या तोंडावर म्हणाली. मला फोन केला तेव्हा हसू आवरत नव्हतं तिला. म्हणाली, अगं, सगळं सोडून आले, पण माझी पिठी काही सुटली नाही यांना. इतकी खूश होती! त्या दुखण्यात मी तिला तेवढं एकदाच तसं हसताना ऐकलं."

साडू ताटातला भात चिवडत राहिले. पिठी गार झाली. बायको गरम करून आणते म्हणाली, तर "राहू दे" म्हणाले आणि वाटी जवळ ओढून घेतली. मग ती तशीच, गार, घोट घोट प्यायले. आम्ही दोघं त्यांच्याकडे न बघता जेवत राहिलो.