भावोजींना हवा होता तसा दिवा

निरोप आला तेव्हा मी भावोजींच्या नावानं खडे फोडत होते. माझ्या पितळी डब्याचं झाकण सकाळपासून गायब होतं. ते त्यांच्या दिव्याच्या मागे, उजेड पुढे फेकायला लागलं असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दारात त्यांच्या शेजारच्या गाळ्यातले मिस्किटा उभे. मी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही. "त्यांना सांगा, झाकण आणल्याशिवाय आज पानच वाढणार नाही!" मग मिस्किटांनी सांगितलं. भावोजी लेथपाशीच कोसळले, जागीच गेले.

महिना उलटून गेला, माझा राग काही जात नाही. झाकणाचा नव्हे हो, झाकणाचं काय घेऊन बसलात!

दत्ताराम माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, जेवायला आमच्याकडे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत छोटा गाळा होता, पंख्यांचे सुटे भाग बनवायचे. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धान्य-कपडे घेऊन गेलेल्या मंडळींबरोबर गेले आणि परतले ते मुके होऊन. मग एकदा जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, तंबूत डॉक्टर एका मुलीच्या कपाळाला टाके घालत होते. कंदील मी धरला होता. माझा हात थरथरला, उजेड हलला, सुई भलतीकडे गेली. काय ओरडली हो ती..." भात तसाच टाकून उठले. त्या दिवसापासून एकच ध्यास. रॉकेल नको, तार नको, हातानं दांडा फिरवला की वीज तयार झाली पाहिजे आणि दिवा जराही हलता कामा नये.

वर आणखी एक अट. "रस्ता खचला की गाडी जात नाही वहिनी, बाई डोक्यावर घेऊन जाते." आता कोकणातल्या विहिरीवरून हंडे वाहिलेली मान घरात आयतीच होती, माझी! यंत्राचा तळ त्यांनी चुंबळीवर बसेल असाच केला. ते डोक्यावर घेऊन मी महाकालीची चढण चढायची आणि भावोजी मागून, "मान दुखते का? खरं सांगा हं!" रस्त्यावरची पोरं विचारायची, "काकी, कुठला गणपती?" मेल्यांनो, हसा!

मोटारीचा जुना डायनामो, सायकलची साखळी आणि आत एक लोखंडी चाक. सगळं घोडं त्या चाकापाशी अडलं होतं. चाक जड केलं की दिवा स्थिर, पण माझी मान मोडायची. हलकं केलं की मान वाचायची, पण दांडा फिरवणाऱ्याचा हात दमला की दिवा लुकलुकायचा. बॅटरी लावा म्हटलं तर म्हणायचे, "आणि ॲसिड तुमच्या डोक्यावर सांडलं तर?" वर्षांमागून वर्षं नुसतं चाक घासत बसले.

मदतकार्याला जाणारे अंधेरीतले एक डॉक्टर एकदा पूर आला तेव्हा यंत्र मागायला आले. किती आनंद झाला मला! भावोजी म्हणाले, "अजून तयार नाही."

"अहो, कंदिलापेक्षा तर बरा आहे!"

"टाका घालताना लुकलुकला तर? मी नाही देणार."

डॉक्टर रिकाम्या हातानं गेले. मी दोन दिवस भावोजींशी बोलले नाही. इतका हट्टी माणूस!

ते गेले आणि थोड्याच दिवसांत आंध्रात ते भयंकर वादळ झालं. डॉक्टर निघाल्याचं कळताच मीच निरोप धाडला. आमचे हे म्हणाले, "अगं, त्याची आठवण आहे, राहू दे घरात." मी म्हटलं, "धूळ खायला? काही नको!"

डॉक्टर गाळ्यावर आले, बरोबर त्यांचा कंपाउंडर. मी आधीच सांगून टाकलं, "लुकलुकतो हं." कंपाउंडरनं दांडा फिरवला. दिवा लागला, आणि थोड्या वेळानं लुकलुकलाच. डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली, पलीकडून त्याच दांड्याला हात घातला आणि दोघं मिळून फिरवायला लागले. एकाचा हात सैल पडला की दुसऱ्याचा जोर. उजेड भिंतीवर जो टेकला तो हललाच नाही. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तंबूत माणसांना काय तोटा?"

इतकी वर्षं! एकटा जीव, एकट्यानं फिरवायचा. फिरवायला दुसरं कुणी असेल, हे या माणसाच्या कधी मनातच आलं नाही.

यंत्र गेलं. मी दार ओढून घेतलं आणि एकटीच भांडत घरी आले. भावोजी, मी तिथेच तर उभी असायचे हो, तुमच्या समोर, रिकाम्या हातांनी. ओझं उचलायला हक्कानं सांगत होतात ना? मग "वहिनी, जरा दांड्याला हात लावा" एवढं म्हणायला काय झालं होतं?