सिंधुआत्याच्या निळ्या चिठ्ठ्या

सिंधुआत्याला कुठलीही बातमी सुरुवातीपासून सांगता येत नसे. "अन् मंग बकरी थेट हेडमास्तरच्या खोलीत," असं म्हणत ती दारातून आत यायची, आणि कोणाची बकरी, ती शाळेत कशाला आली, हे आम्हाला एकेक प्रश्न विचारून काढून घ्यावं लागे. सांगताना तिचे हात थांबायचे नाहीत. हातात गवार असेल तर गवार निवडली जायची, सुई असेल तर टाके पडायचे. ती माझ्या बाबांची सगळ्यात धाकटी बहीण, माझ्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठी. नात्यानं आत्या, पण खरं म्हणजे मैत्रीण. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी धामणगाव बढ्याच्या आमच्या अंगणात कोणी घाईघाईनं शिरलं की मला वाटतं, हीच आली.

तिचं लग्न आमच्याच भागातल्या एका गणिताच्या शिक्षकांशी झालं. त्यांना घरातले सगळेच 'सर' म्हणत, आत्यासुद्धा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. इथिओपियात हिंदुस्थानी शिक्षक हवेत असं सरांना कळलं, त्यांनी अर्ज केला आणि निवड झाली. गावात कोणाला तो देश ठाऊक नव्हता. "आफ्रिकेत चालली, वाघ-सिंह हायत तिकडं," असं शेजारणी सांगून गेल्या. आत्या म्हणाली, "असू दे. सर त्यायले बी पाढे शिकवतील."

ती गेली आणि पाच महिन्यांनी आमच्या घरी बबन झाला. माझ्या पाठीवर अठरा वर्षांनी झालेला भाऊ. मी तेव्हा गावातल्या प्राथमिक शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. वर्गातली मुलं मला विचारायची, "बाई, हा तुमचा मुलगा का?" माय तर हरखूनच गेली होती. पण दीड वर्षाचा असताना बबनला ताप भरला. तिसऱ्या दिवशी, मलकापूरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच, तो गेला.

त्यानंतर मायनं बोलणं सोडलं. भाकरी थापायची, पाणी भरायची, आणि काम संपलं की भिंतीकडे तोंड करून पडायची. हाक मारली तर "हं" म्हणायची, बस्स. गावात तिच्या हातासारखी गोधडी कोणाची नसे, बाया तिच्याकडे जुनेर घेऊन यायच्या. आता आलेल्या बाया जुनेर तसंच घेऊन परत जायच्या. बाबांनी आत्याला कळवलं. महिन्याभरानं तिचं निळ्या हवाई कागदावरचं उत्तर आलं, अवघ्या दोन ओळींचं. तिची एवढी छोटी चिठ्ठी मी कधी पाहिली नव्हती.

पण पुढची चिठ्ठी मात्र नेहमीची होती. कागद भरला म्हणून बाजूच्या कोऱ्या जागेत, तिथून घडीच्या पट्टीवर, अशी लिहीत गेलेली. मी ती मायच्या खाटेजवळ बसून मोठ्यानं वाचली. "वयनी, इथं लय थंडी हाये. गोधडीबिगर निभत नाही, अन् मले कोपरे मुडपता येत नाही. कसे मुडपू ते सांगा. आता ऐका, शेजारी अल्माझ नावाची बाई हाये, ते रंगीत गवताच्या टोपल्या विणते. ते तिच्या बोलीत बोलते, मी आपल्या. दोघीचं बी बरोबर चालते."

माय भिंतीकडेच तोंड करून पडून राहिली. दीड महिन्यानं दुसरी चिठ्ठी आली. "वयनी, तुम्ही सांगितलं नाही, मंग मीच मुडपले. कोपरा कुत्र्याच्या कानावानी उभा राह्यला. सर म्हणतात, याले भाकर टाका."

मी हसले. मायनं कूस बदलली. माझ्याकडे बघत म्हणाली, "कोपरा शेवटी मुडपत असतात काय? आधी चारी कडा कच्च्या टाचून घे म्हणा."

चार महिन्यांतलं तिचं ते पहिलं सबंध वाक्य. मी कागद घ्यायला इतक्या घाईनं उठले की उंबऱ्याला ठेच लागली.

मग सुरूच झालं. आत्या नवी चूक करायची आणि माय ती दुरुस्त करायची. एकदा मधलं जुनेर गोळा झालं, तर आत्यानं लिहिलं, "गोधडी हाये का उशी, समजत नाही. सर तं डोकं ठेवून झोपले बी." एकदा मांडीवर घेऊन शिवताना तिनं गोधडीबरोबर स्वतःच्या लुगड्याचा काठच शिवला. "अल्माझ दारात आली अन् मले उठताच येईना." ते ऐकून माय तोंडाला पदर लावून हसली. पोस्टमन दिसला की आता तीच आधी दारात जायची. चिठ्ठीच्या दिवशी दोन-तीन शेजारणी अंगणात येऊन बसायच्या आणि आफ्रिकेतल्या गोधडीवर वाद घालायच्या. जुनेर घेऊन येणाऱ्या बायांना माय परत पाठवीनाशी झाली.

अशाच एका चिठ्ठीत आत्यानं विचारलं, "वयनी, लहान गोधडी करायची तं किती हाताची धरू? शिकायले लहानच बरी."

माय थबकली. "पुन्हा वाच."

मी वाचलं.

"लहान गोधडी कोणी शिकायले नाही शिवत," माय म्हणाली. "हिले दिवस गेले हायत."

"लिहिलं असतं की तिनं."

"नसतं लिहिलं." माय खाटेवर आडवी झाली. मला धास्ती वाटली, आता ही पुन्हा भिंतीकडे वळते की काय. पण ती उठली, पेटीतून आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलं आणि दारात उजेडाला बसून फाडायला घेतलं. आठ दिवसांत दुपटं तयार झालं. इतके बारीक टाके मी तिच्याही हातचे पाहिले नव्हते. पार्सल बांधताना तिनं मला लिहायला सांगितलं, "हे तुह्या लेकराले. माह्यापासून लपवत जाऊ नको. माह्या घरातलं लेकरू गेलं म्हणून मी दुसऱ्याच्या लेकराचं नाव ऐकू नये, असं कुठं लिहिलं हाये?"

याच्या उत्तरादाखल काही महिन्यांनी दोन निळे कागद एका दिवशी आले. आत्यानं आयुष्यात एकच बातमी सुरुवातीपासून सांगितली असेल, तर ती ही. पहिल्या उलटीपासून सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, "पोरगी झाली. मीना. तुमच्या दुपट्यात झोपली हाये. म्हणून एवढं लिहून होऊन राह्यलं." मायनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली आणि अख्ख्या आळीत गूळ वाटला.

मीना चालायला लागल्यावर ते सगळे सुट्टीवर आले. एसटीतून उतरता उतरताच आत्या बोलू लागली होती, "अन् बोटीवर तं एकाचा कोंबडाच सुटला..." सर मागून ट्रंका उतरवत होते. अंगण बायांनी भरून गेलं. आत्यानं ट्रंक उघडून अल्माझनं शिकवलेल्या रंगीत टोपल्या काढल्या आणि खाली घातलेली गोधडी उचलून बाजेवर टाकली. मायनं ती उलटीसुलटी करून पाहिली. ओळीत पडलेले टाके, चारी कोपरे काटकोनात.

"हे तुह्या हातची?"

"हाव."

"मंग ते कुत्र्याचे कान?"

आत्या हसायला लागली. "मले कोपरे लगनाच्या आधीपासून येतात, वयनी. तुमच्यापाशीच बसून शिकली मी. तुम्ही इसरल्या."

"मी काऊन इसरू?" माय शांतपणे म्हणाली. "दुसऱ्या-तिसऱ्या चिठ्ठीलेच समजलं होतं मले."

"मंग सांगत काऊन राह्यल्या?"

"तू इचारत काऊन राह्यली?"

आत्या गोधडीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "पहिली दोन वर्षं लय वाईट गेली तिकडं. सर शाळेत गेले का दिवसभर कोणी बोलणारं नाही. अल्माझ दारात यायच्या आधी मी भांड्यायशी बोलत होती. तुमची चिठ्ठी आली का मले वाटे, चला, घरात आपलं माणूस आलं."

दुपारी बाया पांगल्या. मीना मायच्या मांडीवर बसून बांगड्या ओढत होती. आत्यानं अचानक विचारलं, "वयनी, बबन कसा होता? मी त्याले पाह्यलंच नाही."

तो गेल्यापासून त्याचं नाव घरात कोणी घेतलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, मायला त्रास होईल.

"बबन?" माय म्हणाली. "भाकरीले काबर म्हणे."

"मंग?"

"मंग काय, बापाच्या चपला घालून अंगणभर फिरे. कोंबड्याले भ्याये. कोंबडा दिसला का चपला तिथंच टाकून पळे."

"मंग?" आत्या पुढं सरकली. ती एकेक विचारत गेली आणि माय सांगत गेली, त्याचे जावळ, त्याचा रुसवा, पावसाला तो कसा हाका मारायचा. सांगताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. बाबा विहिरीवरून बादली घेऊन आले ते दारातच उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "अन् माह्या मिशा ओढे, ते सांग ना तिले."

दोन महिने कधी संपले ते कळलं नाही. निघायच्या दिवशी माय म्हणाली, "मी येतो मलकापूरपर्यंत." एसटीत दोघी शेजारी बसल्या आणि इतक्या बोलल्या की कंडक्टरनं तिकिटाचे पैसे तीनदा मागितले. स्टेशनवर गाडी आली, सरांनी मीनाला आत घेतलं, ट्रंका चढवल्या. आत्या खिडकीत बसली ती बोलतच होती. गाडी हलली तरी बोलत होती. तिचा हात हलताना दिसत होता, तोंड हलताना दिसत होतं, पण इंजिनाच्या शिट्टीत शब्द ऐकू येईनात. आम्ही डब्याबरोबर थोडं पळालो. मग फलाट संपला.

धापा टाकत मायनं मला विचारलं, "काय म्हणे ते?"

"ऐकू नाही आलं."

माय गाडीच्या शेवटच्या डब्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसून पदर सारखा करत म्हणाली, "लिहील ते चिठ्ठीत. चाल, एसटी चुकन."