थोरल्या चुलत्याचं सुतक

वर्षश्राद्धासाठी मायनं आखाडा बाळापूरच्या बाजारातून गूळ आणि हरभऱ्याची डाळ आणून ठेवली होती. माझा धाकटा भाऊ गेल्यापासून तिनं गोडाला हात लावला नव्हता. चहासुद्धा बिनसाखरेचा. भाऊ आजारानं गेला नाही. बांधावरच्या भांडणात चुलतभावानं त्याच्यावर कुऱ्हाड घातली. थोरला चुलता शेजारीच उभा होता आणि त्यानं आपल्या पोराचा हात धरला नाही. भावाला पुरणाचा नैवेद्य दाखवायचा आणि मग तोंड गोड करायचं, एवढ्या एका दिवसावर माय वर्षभर तग धरून होती. मी त्यासाठीच नांदेडहून रजा टाकून निघाले.

वारंगा फाट्यावर गाडी बदलताना फोन आला. थोरला चुलता गेला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. टपरीवर चहा सांगितला, साखर वरून टाकायला लावली. अर्धा कप संपल्यावर ध्यानात आलं, आता घरात सुतक. म्हणजे श्राद्ध राहिलं. मेल्यावरही या माणसानं आमचं काही सरळ होऊ दिलं नाही.

घरी पोचले तर भावकीतले दोन म्हातारे ओसरीवर आधीच येऊन बसलेले.

"वर्षश्राद्ध पुढं ढकला," त्यातला एक म्हणाला. "सुतकात करता येत न्हाई."

"त्याच्या पोरानं आमचं लेकरू तोडलं," मी म्हणाले, "अन् सुतक आमीच पाळायचं?"

"रक्त एकच हाय ना, बाई."

"बांधावर सांडलं तवा एक नव्हतं का?"

म्हाताऱ्यानं पानाची चंची उघडली. मग म्हणाला, "तू काहून तापून राहिलीस? तुला तर सुतकच न्हाई. तू दिलेली लेक."

वा! सुतकात मी नाही, भावकीत नाही, सातबाऱ्यावर नाही. हिंगोलीच्या कोर्टात तारखांना मात्र मीच जाते. वाटणीत राग तेवढा अख्खा माझ्याकडं आला.

खरा पेच पुढंच होता. चुलतभाऊ तुरुंगात. त्याला आणायची परवानगी काही येईना आणि चुलत्याला दुसरा मुलगा नाही. मडकं कोणी धरायचं? सगळे आबांकडं, माझ्या वडलांकडं बघायला लागले. चुलत्याचे ते सख्खे धाकटे भाऊ. विळ्याला धार लावताना वर्षभर एकच बोलत आले होते, "त्यो सुटून तर येऊ दे, मंग बघतो." त्या घराची पायरी चढणार नाही, असंही त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं.

"आबा, तुमी उठू नका," मी म्हणाले.

"मढं किती येळ ठेवतील?"

"राहू द्या की. आपलं लेकरू न्हाई पडून राहिलं सरकारी दवाखान्यात?"

आबा उठले. टोपी काढून खुंटीला लावली आणि गेले.

मायनं त्यांना अडवलं नाही. मला तिचाच जास्त राग आला.

"तू तरी बोलायचं ना!"

"काय बोलू? गेल्या साली थोरल्यानं बी तुझ्या भावासाठी डोकं भादरलंच की."

ते मी कशी विसरेन? भावाच्या दहाव्याला चुलता न बोलावता नदीवर आला होता. कडेला बसून त्यानं डोकं भादरून घेतलं आणि रडला. त्यानं रडावं हेच मला सहन झालं नाही. माझ्या तोंडावर शिवी आली होती, पण बायकांनी मला धरून मागं ओढलं. ती शिवी मी जपून ठेवली.

श्राद्धाची तिथी आली तशी गेली. पुरण नाही, नैवेद्य नाही. फडताळातल्या गुळाला मुंग्या लागल्या. मी रजा वाढवली, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं.

चुलत्याच्या दहाव्याला मी घरीच राहिले. दुपारी गिरणीतून दळण घेऊन येत होते. पुढं नदीवरून परतलेला एक माणूस एकटाच चालला होता. भादरलेलं डोकं, बाहेर निघालेले कान, एक खांदा पडलेला, थेट गेल्या सालचा चुलता. चुलता मेलाय हे डोक्याला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. वर्षभर जपलेली शिवी बाहेर पडली, चांगली मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशी.

माणूस वळला. आबा होते.

मी दळणाचा डबा तसाच धरून उभी राहिले. ते रागावले नाहीत. जवळ आले, माझ्या हातातला डबा घेतला.

"त्यो गेला, बाई," ते म्हणाले. "आता कोणाला देतीस?"

 आम्ही घरी आलो तेव्हा माय बिनसाखरेचा चहा पीत बसली होती.