घाटगाडीतली पुढची जागा

"एकदा बसायचं हाय बघ त्या गाडीत. मग काय बी होऊ दे."

आक्का हे म्हशीला सांगत होती. मी तांब्या घेऊन गोठ्याच्या दाराशी आले होते, ते ऐकून तिथेच थांबले. धारेचा आवाज मध्येच बंद झाला, परत सुरू झाला. म्हशीने नुसता कान हलवला. आक्काने तिच्या पाठीवर थाप मारली. "तुझं बरं हाय. ऐकतीस, आणि कुणाला सांगत न्हाईस."

मीही कुणाला सांगितलं नाही. थोडी मागे गेले, चप्पल मुद्दाम वाजवली आणि मग आत शिरले.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सगळं घर तिला आक्का म्हणायचं, मीसुद्धा. आमचं मूळ गाव जांबोटी. तिला कणकुंबीला दिली होती. वर्षाच्या आत नवरा तापाने गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. वडिलांनी वकिली सुरू करून बेळगावशेजारच्या अनगोळात घर केलं तेव्हा तीही त्यांच्याबरोबर आली. म्हैस तिची, परसातली भाजी तिची, लोणच्याच्या बरण्या तिच्या. पण स्वतःसाठी तिने काही मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून तिचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो हिवाळा. भातं निघाल्यावर आमच्या घरामागच्या मोकळ्या शेतात एक कार्निव्हल येऊन उतरला होता. लाकडी घोड्यांचं चक्र आणि पाळणे आम्ही पूर्वी पाहिले होते. या वेळी काहीतरी नवीन येणार होतं. बेळगावच्या बाजारात त्याचं चित्र लागलं होतं. लाकडी डोंगरांवरून रुळावर धावणारी एक बुटकी गाडी, आणि तिच्यात बसलेल्या मडमांच्या टोप्या उडालेल्या. खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी नाव. ते कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा अनगोळने दोन दिवसांत त्याची घाटगाडी करून टाकली.

घाट म्हटल्यावर आमच्याकडे आधी आठवते ती मोटारीतली ओकारी. शेजारच्या काकू, ज्यांच्याशिवाय आमच्या आळीतलं एकही हळदीकुंकू सुरू होत नसे, त्या म्हणाल्या, "घाट उतरताना माणसं लिंबू हुंगत बसत्यात. आणि ह्यो बाबा मुद्दाम घाट बांधतोय, व्हय?"

"त्यानं कधी मोटारीतनं प्रवास केला नसंल," आई म्हणाली.

तरी रोज संध्याकाळी त्या दोघी मागच्या ओट्यावर उभ्या राहून सांगाडा किती वर आला ते बघायच्या. खानापूरकडून बैलगाड्यांतून वासे येत होते. दिवसभर हातोडे वाजायचे आणि ओल्या लाकडाचा, डांबराचा वास थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आक्का त्या ओट्यावर कधी आली नाही. पण तिची गवत कापायची जागा बदलली. पूर्वी ती ओढ्याच्या बाजूला जायची, आता शेताच्या कडेकडेने लांबचा वळसा घेऊन जायची. म्हशीला तिकडचं गवत मानवतं, असं तिने आईला सांगितलं.

मी आदल्या वर्षी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन घरी बसले होते. शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवत, पण वाचायची ती दुसरी मुलगी. मी उभी राहिले की घसा कोरडा पडायचा. घरी तोंडून चुकून एखादा शाळेतला शब्द गेला की काकू म्हणायच्या, "आली बघा सायबाची मेव्हणी." मग मी बोलणंच कमी केलं होतं. आक्काबरोबर गवताला जाऊ का, हे विचारायलाही मला दोन दिवस लागले.

"तुला कशाला गं? सँडल खराब हुतील," ती म्हणाली. पण मग विळा पदराने पुसून पुढे झाली, आणि मी मागून गेले.

कुंपणाजवळ एक पाटी लावली होती. आक्का तिच्यासमोर अशी थांबली, जशी दर वेळी थांबत असणार.

"काय लिवलंय?"

"उभं राहू नये. हात बाहेर काढू नये. गाडी थांबल्याशिवाय उतरू नये."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने ते पुटपुटून पाहिलं. परत येताना भारा डोक्यावर घेऊन ती तेच हसत हसत म्हणत होती, आरतीच्या चालीवर. उभं राहू नये, हात बाहेर काढू नये. मी हसले तशी ती गप्प झाली, आणि घर येईपर्यंत तिने परत तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी हसले नाही.

एका संध्याकाळी गाडीची परीक्षा चालली होती. तिला दोन दोन माणसांच्या तीन रांगा होत्या. माणसांच्या जागी वाळूची पोती दोरीने बांधलेली. गाडी दोराने पहिल्या डोंगरावर ओढली आणि सोडली. ती खाली आली, दुसरा चढ अर्धा चढली आणि मागे घसरून खळग्यात थांबली. कामगारांनी शिव्या देत ती ढकलत आणली, राहिलेल्या जागेवर आणखी एक पोतं चढवलं आणि परत सोडली. आता ती सगळे डोंगर पार करून आमच्या समोर येऊन थांबली.

"भरल्याशिवाय जात न्हाय," आक्का म्हणाली. मग विळा चालवता चालवता, माझ्याकडे न बघता तिने सांगितलं, "कणकुंबीवरनं पहिल्या माहेरपणाला येत हुतो आम्ही. उतारावर बैल उधळलं. गाडी अशी सुटली, पोटातलं सगळं गळ्यात. सासूबाई देवाचं नाव घेत हुत्या. मला आपलं हसूच आलं. सासूबाई म्हणाल्या, नवी नवरी अशी हसती व्हय?"

"मग?"

"मग काय. मागं वळून बघितलं तर त्ये बी हसाय लागलं हुतं. तोंडात टोपी धरून." तिने गवताची मूठ बांधली. "त्यांचं तेवढंच हसणं ऐकलं मी. चल, अंधार व्हायला लागला."

संक्रांत झाली. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकवं चालू होती, आणि अशाच एका दुपारी, आमच्याच सोप्यात, काकूंनी घाटगाडीचं ठरवून टाकलं. कार्निव्हलच्या मॅनेजरने वडिलांना सांगितलं होतं की गाडी सुरू करायची पहिली दुपार बायकांसाठी ठेवतो, म्हणजे गावाची भीड चेपेल. काकूंना ते पटलं, पण त्यांची एक अट होती. आमच्याकडे नवी विहीर असो, नवी बैलगाडी असो, आधी पाच सवाष्णींचा हात लागल्याशिवाय वापरात येत नाही. गाडीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि पहिल्या फेरीला पाच सवाष्णी बसवायच्या.

"जागा सहा हायेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"मग सहावी कुमारिका. तूच बस. तशी बी इंग्रजी बोलणारं कोणतरी लागंलच त्या मॅनेजरसंगं." काकूंनी वाटाण्यांची ताटली पुढे सरकवली. "मी पुढं बसणार, आत्ताच सांगून ठेवते."

आक्का दाराआड उभी होती. सवाष्णींची ओटी भरताना ती कधीच पुढे येत नसे. आई तिच्याकडे वळून म्हणाली, "आक्का, तुम्ही बी चला की बघायला. एवढ्या बायकांच्या चपला, पोरंबाळं, कुणीतरी सांभाळाय पाहिजे." आईच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की आपण आक्काला बोलावलं.

"येतो की," आक्का म्हणाली आणि गोठ्याकडे गेली.

त्या दुपारी अख्खं अनगोळ रिकामं करून बायका शेतात जमल्या होत्या. नऊवारी, गजरे, काखेत पोरं, पुड्यांत तिळगूळ. मॅनेजर कुठल्या तरी लांबच्या प्रांतातला होता, टोपी हातात घेऊन सारखा मान लववत होता. काकूंनी गाडीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, रुळावर नारळ फोडला. आक्का कुंपणापाशी चपलांच्या ढिगाशेजारी बसली होती. कुणाचं तरी तान्हं तिच्या मांडीवर होतं. ती त्याला काहीतरी म्हणत होती, तिचे ओठ हलताना मला दिसत होते.

चार सवाष्णी मागच्या दोन रांगांत बसल्या. आई मधल्या रांगेत, दांडा दोन्ही हातांनी धरून. पुढे मी आणि काकू. मी चढून बसले. काकूंनी एक पाय पायरीवर ठेवला, वर पाहिलं, आणि पहिल्यांदाच तो डोंगर एवढ्या जवळून त्यांच्या डोळ्यांसमोर आला. पाय परत खाली आला.

"माझ्या गुडघ्याला झेपायचं न्हाय," त्या म्हणाल्या.

"आत्तापतोर तर गुडघा बरा हुता," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. पण काकूंच्या जागी या म्हटल्यावर एकही सवाष्ण पुढे येईना. कुणाचं बाळ रडत होतं, कुणाला नवऱ्याला विचारायचं होतं, एकीने सरळ सांगितलं, "काकू भ्याल्या तिथं माझं काय घेऊन बसलाय."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. एक जागा रिकामी ठेवून गाडी सोडता येणार नाही, असं तो म्हणाला. मी ते बायकांना सांगितलं.

"मग पोतं ठेव म्हणावं," काकू म्हणाल्या. "रोज पोतीच फिरतायत की त्यात."

दोन कामगारांनी वाळूचं पोतं आणून माझ्या शेजारी ठेवलं. काकूंच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच होता. मोजून पाच हव्यात, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. त्या पुढे आल्या, बोट बुडवलं आणि त्या पोत्याच्या वरच्या बाजूला, जिथे कपाळ असतं असं त्यांना वाटलं तिथे, हळद आणि कुंकू लावलं.

"झाल्या पाच," त्या म्हणाल्या. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एकीने तर पोत्यावर तिळगूळही ठेवला.

मी कुंपणाकडे पाहिलं. आक्काने ते सगळं पाहिलं होतं. मांडीवरच्या बाळाला ती म्हणाली, हळू, पण ओठांवरून मला कळलं, "बघ रं. वाळूला बी नवरा हाय." आणि ती हसली. ते हसणं मला ओळखीचं वाटलं. गवताच्या वाटेवर मी हसल्यावर ती गप्प झाली होती ना, त्याच्या अगदी आधीचं.

मॅनेजरने विचारलं, सोडू का? सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कारण हो मलाच म्हणायचं होतं. मी त्याला इंग्रजीत सांगितलं की पोतं उतरवा, इथे बसायला माणूस आहे. ते मला सोपं गेलं. इंग्रजीत मी काय बोलते ते तिथे कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे ते न बोलल्यासारखंच होतं. कामगारांनी पोतं उचलून खाली ठेवलं.

"काय म्हणाली गं ही? पोतं का काढलं?" काकूंनी विचारलं. "आता कोण बसणार तिथं?"

मागे वळून पाहिलं तर आईची नजर माझ्यावर होती. मी काय करणार आहे ते तिला कळलं होतं, असं मला आजही वाटतं. तिने मान खाली घातली आणि दांड्यावरचा हात जरा सरकवून घेतला, जसं कुणाला जागा करून देताना आपण करतो.

आक्का उठून उभी राहिली होती. बाळ अजून तिच्या कडेवर होतं. तिने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काकूंनी परत विचारलं, "अगं, बोल की."

मी दांडा सोडून शेजारच्या जागेवर सांडलेली वाळू हाताने झाडली. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आक्का, ते बाळ काकूंकडं दे आणि ये, माझ्याशेजारी पुढं बस. आणि ध्यानात ठेव, हात बाहेर काढायचा नाही."