तुटलेल्या तारेवरचे उणे अडतीस

मी देवासला शाळेत विज्ञान शिकवतो. भूत, चकवा, भानामती यांपैकी कोणी माझ्या दारी आलंच, तर त्याला आधी प्रयोगवही दाखवावी लागेल, अशी माझी ख्याती. टेकरीखालच्या आमच्या गल्लीतली दोन भुतं तर मी स्वतः पकडली आहेत... एक मांजर निघालं, दुसरा पाण्याच्या टाकीचा सुटलेला पत्रा. तेव्हा पुढचं मी सांगतोय म्हणजे माझी केवढी नाचक्की आहे, हे समजून घ्या.

नलिनी माझी बायको. माहेर धारचं. हवाईयन गिटार वाजवते... वाजवायची, म्हणू. बावीस वर्षांपूर्वी धारला आपल्या मराठी मंडळींच्या सभागृहात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, तिची पहाडी धून ऐन रंगात आली असताना मागून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर फुस्स झाला. चिडीचूप. मग कोणीतरी फिस्सकन हसलं. ही उतरली ती उतरलीच. गिटार गेली कपाटावर.

गेल्या दिवाळीत मी जाहीर केलं — अ‍ॅम्प मी बांधणार! तोही जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा!

"अहो, तो मिक्सर उघडून ठेवलाय, त्याचं काय?" ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी गिटार खाली उतरली होती. मला तेवढं पुरे होतं.

आता एवढं ऐकाच, त्याशिवाय मजा नाही. व्हॉल्व्ह म्हणजे विजेचा नळ. तो भसाभसा वाहू नये म्हणून त्याला सतत उणे व्होल्टेज देऊन आवळून धरावं लागतं. त्याला म्हणतात बायस. माझ्या दोन व्हॉल्व्हना हवे होते उणे अडतीस व्होल्ट. बायस गेला की नळ सताड उघडा, आतली प्लेट काही सेकंदांत लालबुंद, आणि थोड्याच वेळात व्हॉल्व्ह बाद.

मला मिळत होते उणे सहा! डायोड बदलला, ट्रान्सफॉर्मर मोजला, आठ दिवस जेवताना बायस, झोपताना बायस... स्विच लावला की प्लेट आपली निखाऱ्यासारखी लाल, मी लगेच बंद करायचो. शेवटी शेजारच्या अनोखीला, आमच्या माळवी बोलीत अनोखी भियाला, म्हणजे भाऊला, हाक मारली. तो पीथमपूरला कारखान्यात इलेक्ट्रिशियन. शिफ्टच्या बसमधून उतरून थेट आला, आत डोकावला आणि पोट धरून हसायलाच लागला.

"सरजी! कंडेंसर उल्टो लगई दियो!"

खरंच की! कॉलेजात असताना मी रेडिओ दुरुस्त करायचो. तिथे कंडेन्सरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांडीचं, उणे टोक नेहमी पत्र्याच्या चेसिसला. हात सवयीने तसाच गेला होता. बायसमध्ये सगळा कारभार उलटा, चेसिसला जोडायचं ते अधिक टोक.

"बच्चों को भी यही पढ़ाते हो क्या?"

नवा कंडेन्सर सरळ लावला. मीटरवर उणे अडतीस. मी नाचलो. साक्षीदार आहेत.

तर जानेवारी, दुपारचे चार, धारचं तेच सभागृह. कार्यक्रम बायकांचा, म्हणून मी आणि मदतीला आलेला भिया, आम्ही दोघे पुरुष पडद्यामागे, अ‍ॅम्पच्या पाठीशी, तिळगुळाची वाटी घेऊन. अ‍ॅम्पचं मागचं झाकण मी लावलंच नव्हतं, बायसला मीटर चिमट्यांनी जोडलेलं. धाकधूक, दुसरं काय!

पहिल्या रांगेतून नलिनीच्या ऐंशी वर्षांच्या काकू मोठ्याने म्हणाल्या, "नलू, या खेपेस पेटी मधेच मुकी नाही ना व्हायची गं?"

सगळ्या हसल्या. नलिनीने पडद्याच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — नाही होणार.

दोन धुना झाल्या. मग पहाडी सुरू झाली, आणि भियाने मला कोपर मारलं.

"सर... वो तार देखो."

ट्रान्सफॉर्मरकडून बायसला जाणारी एकुलती एक तार सोल्डर सुटून हवेत लोंबत होती. मध्ये बोटभर अंतर. प्रवासात हादरे बसले असतील. मी मीटर पाहिलं. उणे अडतीस.

"मीटर खराब है तुम्हारा," म्हणत भियाने खिशातून स्वतःचं काढून लावलं. उणे अडतीस!

"बंद करो! सब जल जाएगा!"

माझा हात स्विचवर गेला. आणि पलीकडे नलिनी पहाडीतल्या नेमक्या त्या जागी आली होती, बावीस वर्षांपूर्वीच्या. बंद करावं, तर तिला दुसऱ्यांदा खाली उतरवणारा मी. न करावं, तर कुठल्याही क्षणी धूर.

मी हात काढला. विज्ञानाच्या मास्तराने, लिहून ठेवा, हात काढला.

सहा मिनिटं वाजवलं तिने. त्या जागेवरून पुढे गेली, परत आली, पुन्हा गेली... जणू अंगणात फिरत होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, तेव्हा 'अंधारात चुकलं असेल' हेही म्हणायची सोय नाही. तार लोंबती. आकडा जागचा हलत नव्हता. शेवटचा सूर लांबत लांबत विरला, टाळ्या पडल्या — आणि मीटरवर तीस, बारा, शून्य. दोन्ही व्हॉल्व्ह लाल! मी स्विच पाडला.

भिया हातात तिळगुळ धरून तसाच उभा. "सर, अपन ने कुछ देखा नहीं," म्हणाला आणि तो तोंडात टाकला.

देवासला येऊन मी ती तार चौदा वेळा जोडली, चौदा वेळा काढली. कंडेन्सर काही सेकंद तग धरतो, मग शून्य आणि लाल. सहा मिनिटं? एकदाही नाही. भिया म्हणतो, तार कुठेतरी टेकत असेल. कशाला टेकत होती, हवेला? कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा, फक्त आधी सर्किट बघून जा.

तारेचं मी नलिनीला सांगितलंच नव्हतं. काल हे सगळं लिहून तिला वाचून दाखवलं. वाटलं, डोळे विस्फारेल, अंगावर काटा येईल. तिने शांतपणे ऐकलं.

"तार-बीर राहू द्या. तुमचा हात स्विचवर गेला होता?"

"अगं, पण काढला ना!"

"गेला होता की नाही?"

वाचकहो, याचंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.