साठ्यांनी बुजवलेली भोकं

मंडळी, दुपारी साठेसाहेबांनी इथे ग्रुपवर आपल्या नेमबाजीच्या टार्गेटचा फोटो टाकला आणि तुम्ही सगळे वाहवा करत सुटलात. सकाळी मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, म्हणून सांगतो.

शुक्रवारची सुट्टी, म्हणून शूटिंग क्लबात गेलो होतो. तिथल्या एका कुवेती मेंबरच्या काडतुसं बनवायच्या यंत्रावर साठ्यांनी पिस्तुलाची काडतुसं स्वतः तयार केली होती. तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळ्या किती अचूक जातात, ते बघायचं होतं. दहा झाडल्या. चार मधोमध लागल्या, बाकीच्या कागदभर पसरल्या.

जुनी भोकं बुजवायला क्लबात चिकट कागदाचे तुकडे ठेवलेले असतात. साठ्यांनी ते घेऊन लांबची सगळी भोकं शांतपणे बुजवली आणि मग कॅमेरा काढला.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"त्या माझ्या हाताच्या चुका. त्यात गोळ्यांचा काय दोष? त्या धरायच्या नसतात."

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण हेच साठे आमच्या प्लांटमध्ये वेल्डिंग तपासून पास करतात. उद्या सकाळी त्यांनी पास केलेल्या गॅसच्या पाइपखाली मला काम करायचंय.

वाहवा करणाऱ्यांपैकी कोणी सोबत येतंय का?